पायलीभर जवारीची पोट्टी

माझ्या बापानं गावातल्या साऱ्या पोरांचे जन्म पाटलाकडं जाऊन ज्याचे त्याच्या नावावर सांगितले, माझा तेवढा दुसऱ्याच्या नावावर घातला. इतकी वर्षं झाली, आता राग राहिला नाही असं म्हणावं असं पुष्कळदा वाटतं. पण ते खोटं होईल. रागानंच सांगते आहे.

बाप गावचा कोतवाल होता. पांढरकवड्याकडून यायची डांबरी सडक सोडली अन् नाल्याच्या काठानं आत शिरलं की आमचं गाव. कोणाकडं पोर झालं, कोणाचं माणूस गेलं, ही खबर पोलीस पाटलाला द्यायचं काम कोतवालाचं. पाटील ती आपल्या बुकात लिहीत असे आणि तिथून ती तहसिलीत जात असे. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो तोंडानं सांगेल ते सरकारदरबारी खरं. कोण कोणाचा बाप हे माझा बाप ठरवतो, असं गावातली माणसं त्याला चिडवायची. तोही हसायचा.

माझ्याआधी घरात तीन पोरं झाली होती आणि तिन्ही गेली. शेवटचा तर चालायला लागून गेला. अशा घराला आमच्या मुलुखात एकच इलाज माहीत होता. पोर आपलं म्हणायचं नाही. हे ह्या बाईचं आहे असा सटवीला पत्ताच लागू द्यायचा नाही. जिची पोरं जगतात अशा एखादीला ते देऊन टाकायचं आणि मग तिच्याकडून विकत घ्यायचं. विकत आणलेल्या पोरावर सटवीचा हक्क चालत नाही. असा तो कायदा होता आणि बायका तो जीव मुठीत धरून पाळायच्या.

गावाबाहेर लमानांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ अन् धान्य लादून देशोदेशी फिरले, हे मात्र इथं वावरं करून राहिले होते. त्या तांड्यात एका बाईचं घर पोरांनी भरलेलं होतं अन् एकाला साधी खरूज झाली नव्हती. तिच्याशी ठरलं. पाचवीच्या दिवशी मला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. लमानीण आली, "हे कोनाचं पोर पडलं बाप्पा इथं?" असं मोठ्यानं बोलली अन् उचलून तांड्यावर घेऊन गेली. शिवाशिवीचे दिवस ते, आम्ही महार. तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं केलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, उकिरड्यावरच्या पोराले जात कुठची. रात्रभर मी तिच्या अंगावर प्यायली. सकाळी मला जन्म देणारी बाई पायलीभर जवारी घेऊन गेली आणि मला विकत घेऊन आली.

इथवर ठीक होतं, हे पुष्कळांच्या घरी व्हायचं. पण पाटलाकडं खबर द्यायला बाप निघाला तेव्हा तीच जन्म देणारी बाई दाराआडून म्हणाली, "तिथं आपलं नाव नोका सांगू. सरकारच्या बुकात गेलं म्हणजे सगळीकडं गेलं." अन् बापानं ते ऐकलं. आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्यानं खोटं सांगितलं नाही. पाटलाला म्हणाला, तांड्यावरच्या अमक्याला मुलगी झाली. पाटलालाही सारं माहीत होतं. तो हसला आणि त्यानं लिहिलं.

मग माझं वाढणं सुरू झालं ते दोन दारांत. लमानिणीला मी याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. जन्म देणारीला म्हणायचं काकी. तसंच शिकवलं होतं. बापाला दादा म्हटलं तरी चालायचं, पुरुषाकडं सटवी बघत नाही म्हणे. दिवाळीला याडी माझ्यासाठी आरशे लावलेला फेटिया शिवून आणायची. तो घालून मी गावभर घागरा फिरवत हिंडायची, अन् माणसं म्हणायची, आली पहा लमानाची पोट्टी.

काकीही तेच म्हणायची. "लमानाची पोट्टी जेवली काय व?" असं शेजारणीला ऐकू जाईल असं विचारायची. डोक्याला तेल लावताना कोणी अंगणात आलं की तिचा हात मागं जायचा. मी तापानं फणफणली की ती माझ्याजवळ बसायची नाही, चुलीपाशी बसायची, पाठ करून. दुसऱ्याचं वासरू दावणीला बांधलं आहे असं तिचं वागणं. पायात काटा गेला तर गावातली पोरं "अवं माय" म्हणून ओरडायची. मी ओठ चावायची. तो शब्द आमच्या घरात चुकूनही निघायचा नव्हता. एकदा निघाला होता तेव्हा काकीनं मला अशी फोडून काढली की याडी येऊन सोडवून घेऊन गेली. मायेसाठी मी तांड्यावर जायची आणि भाकरीसाठी घरी यायची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते उगाच नाही.

छप्पनच्या दसऱ्याला बाप नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. पांढरा सदरा अंगात, चेहरा असा की मी ओळखलाच नाही. आल्या आल्या त्यानं कोतवालीची काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नाल्यात सोडले. टोपलं धुऊन घरी आणलं आणि आम्हाला दोघींना समोर बसवलं.

"आता देव बी नाही अन् सटवी बी नाही," तो काकीला म्हणाला. "पोरगी आपली आहे. आपली म्हनायची." मग माझ्याकडं वळला. "हिले माय म्हन."

मी तेव्हा दहा-अकराची असेन. मला काय, मी केव्हाची वाट पाहत होती. मी तोंड उघडलं, पहिलं अक्षर ओठांवर आलं, अन् काकीचा हात माझ्या तोंडावर बसला. राख लागलेला हात, चुलीपुढून उठलेली होती ती. जोरात दाबला, दातांनी माझा ओठ फुटला. बाप उठून बाहेर गेला. ती राखेची चव मला अजून आठवते आणि अजून मला तिचा राग येतो.

बाप मात्र ठरवून बसला होता. जो भेटेल त्याला सांगायचा, ही माझी लेक. बाजारात हाताला धरून न्यायचा, दुकानदाराला सांगायचा. लुगड्याच्या कापडाचं परकर-पोलकं शिवून घेतलं, फेटिया बंद केला. मग पाटलाकडं गेला, म्हणाला, बुकातली ती चूक दुरुस्त करा. पाटील त्याच्यावर खार खाऊन होता, काठी ओट्यावर ठेवली ना त्यानं. तो म्हणाला, "चूक कायची? तूच तं सांगतलं होतं. आमी तुहं तोंड पाहून लिहिलं." तहसिलीत जा म्हणाला. बापानं कापसाची वेचणी झाली की जातो म्हटलं.

वेचणी झाली नाही. बापाला कावीळ झाली आणि तो गेला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. काकीनं छाती पिटली नाही, फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि ती काय म्हणते आहे ते तिनं तोंड न उघडताच मला कळलं. ह्यानं पोरगी आपली म्हटली, गावभर म्हटली, अन् सटवीनं पोरीच्या जागी ह्यालाच नेलं. देव नाल्यात गेले होते, सटवी मात्र कुठं गेली नव्हती.

बापाच्या नावावर नाल्याकाठचं एक वावर होतं. काळी जमीन, कापूस चांगला यायचा. पटवारी वारस लावायला आला तेव्हा त्यानं विचारलं, बायको आणि एक मुलगी ना? तेव्हा बापाचा थोरला भाऊ पुढं आला. त्याला मी मोठेबाबा म्हणायची. त्याच्या खांद्यावर बसून मी पोळ्याचे बैल पाहिले होते. त्यानं शांतपणे सांगितलं, "भावाच्या बायकोचं नाव लावा, आमची ना नाही. पन मुलगी कोनती? ती लमानाची आहे. बुक पाहा."

मोठेबाबांचा हिशेब सरळ होता. काकी आहे तोवर वावर ती खाईल. तिच्यामागं मूलबाळ नाही म्हटल्यावर ते परत तिच्या नवऱ्याच्या भावाच्या घरात येईल. मधे मीच तेवढी आडवी होती. मला वावरासाठी रडू आलं असं नाही, पण ज्या बापानं मला बाजारात हाताला धरून फिरवलं त्याची मी कोणी नाही, असं कागदावर येणार होतं. ते मला सहन होईना. मी मोठेबाबांच्या ओट्यावर उभी राहून काय काय बोलली ते आता लिहिण्यासारखं नाही.

प्रकरण पांढरकवड्याला नायब तहसीलदारापुढं गेलं. तारखेच्या दिवशी आम्ही पहाटेच चालत सडकेवर आलो आणि एका ट्रकवाल्यानं आम्हाला कापसाच्या गाठींवर बसवून नेलं. तहसिलीच्या आवारात कडुलिंबाखाली एका बाजूला मोठेबाबा आणि त्यांचा अर्ज लिहिणारा माणूस, दुसऱ्या बाजूला याडी, तिचा नवरा अन् थोरला मुलगा. मधे मी आणि काकी. काकी कोणाकडंच पाहत नव्हती.

मोठेबाबांनी दोन साक्षीदार आणले होते, गावातलेच. ते काही खोटं बोलले नाहीत, हेच तर दुःख. पोरगी लमानिणीला याडी म्हणते? म्हणते. आपल्या घरच्या बाईला? काकी म्हणते. फेटिया घालायची? घालायची साहेब, साऱ्या गावानं पाहिला. ही काकी तिला कधी माझी पोरगी म्हणाली? नाही बा, कधी ऐकलं नाही. जन्माची खबर कोणी दिली? हिच्या बापानं, म्हणजे ज्याला ती आता बाप म्हणते त्यानंच.

मग मोठेबाबा म्हणाले, "साहेब, हे म्हनतात सटवीच्या भेवानं पोरगी विकली होती. आमी बौद्ध मानसं. असल्या थोतांडावर आमचा भरोसा नाही." त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा बाप ज्या गोष्टीसाठी देव नाल्यात सोडून आला होता, तिचीच ह्यांनी त्याच्या लेकीविरुद्ध काठी केली. अन् मोठेबाबांच्या घरी सटवीचा टाक कोठीत धान्यात लपवलेला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला.

याडीला बोलावलं. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलिया म्हणतात त्या, कानांवर चांदीचे झुमके, ती न घाबरता उभी राहिली. "सायेब, मी उचलली. मी पाजली. पन जनली नाय. जननारी ती बसली," असं म्हणून तिनं काकीकडं बोट केलं. मला वाटलं झालं, आता संपलं. तेवढ्यात तिचा मुलगा, ज्याला मी भाऊ म्हणत मोठी झाली, मधेच बोलला, "आमच्या वावरात इचा हिस्सा नाय सायेब, हे बी लिवून घ्या." नवा कायदा आला होता, मुलींनाही बापाच्या जमिनीत वाटा मिळतो असं तांड्यावर कोणीतरी सांगितलं होतं. नायबसाहेब कारकुनाकडं पाहून किंचित हसले. म्हणजे याडी खरं बोलते आहे ती आपलं वावर वाचवायला बोलते आहे, असं त्यांच्या मनात बसलं. तिकडचा भाऊ म्हणे आमची नाही, इकडचा काका म्हणे आमची नाही. मी तिथं उभी होती, चांगली अकरा-बाराची, अन् कोणाचीच नव्हती.

शेवटी काकीला बोलावलं. तिनं पदर पुढं ओढला.

नायबसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सावकाश विचारलं, "बाई, ही मुलगी तुमची का?"

काकी खाली पाहत राहिली.

"हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"पायलीभर जवारीले आनली जी."

मोठेबाबांचा माणूस पुढं सरकला. नायबसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. "ती तुमच्याकडची रीत आहे, ते मला कळलं. जन्म कोणी दिला ते विचारतो आहे. तुम्हीच दिला ना? मग तोंडानं म्हणा. तुम्ही म्हटलं की मी लिहितो."

"मी तीनदा म्हनलं जी. तिघंबी गेले."

"आता ही मोठी झाली आहे, बाई."

"मोठं झाल्यावर मरत नाही काय कोनी?"

बापाला जाऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. नायबसाहेबांनी पुन्हा एकदा विचारलं, मग आणखी एकदा. काकीनं एकदाच डोळे वर करून माझ्याकडं पाहिलं. मी तिला नजरेनं विनवलं, हात जोडले, सगळ्यांसमोर जोडले. ती म्हणाली, "आनलेली हाय जी. इकत आनलेली हाय." कारकुनानं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

वावराला वारस म्हणून एकट्या काकीचं नाव लागलं.

परतताना सडकेपासून गावापर्यंत आम्ही दोघी चालत होतो. मी तिला म्हटलं, "एक शब्द होता काकी. एक. तो बी तुह्या तोंडातून निघला नाही."

ती चालत राहिली. मग म्हणाली, "वावर जाईन. जाऊ दे. तू हायेस नं."

"पन कोनाची हावो मी?"

नाल्यात पाणी होतं. तिनं माझा हात धरला, पाण्यातून पलीकडं नेलं, काठावर माणसं दिसली तसा सोडला. त्या दिवसानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलत गेली. ती वावरात राबत राहिली. दर हंगामात मोठेबाबा बांधावर उभं राहून पीक कसं आहे ते पाहून जायचे.

माझं लग्न उमरखेडला झालं. नवरा कापडाच्या दुकानात कामाला, माणूस साधा, कोणाची म्हणून त्यानं विचारलं नाही. लग्नात अक्षतांऐवजी पहिली फुलं मोठेबाबांनीच टाकली. पाहुण्यांना सांगत होते, अनाथ पोरगी, आमच्या घरात वाढली, आपलं कर्तव्य आपण करावं. काकी बायकांच्या मागं बसली होती. याडीनं मला फेटिया दिला. मी तो बसमध्ये मांडीवर घेऊन बसली आणि पुसदपर्यंत रडली.

माझं पहिलं मूल महिना भरायच्या आत गेलं. काकीनं गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, दुसऱ्या खेपेला कोणाला तरी देऊन टाक, मग विकत घे. मी त्याच माणसाबरोबर उलट निरोप धाडला, माझं पोर मी विकणार नाही, अन् तिनं त्यात बोलू नये. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिचं नाव मी स्वतः नगरपालिकेत जाऊन लावलं, बापाचं, आईचं, सगळं. कारकुनाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तो वैतागला. मी म्हटलं, वैतागा, पण वाचा. पोरगी बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द मी शिकवला तो माय. दिवसभर म्हणायला लावायची. शेजारीपाजारी हसायचे, ही बाई वेडी झाली म्हणून.

काकी गेल्याची खबर आली तेव्हा पोरगी दोन वर्षांची होती. वेचणी करता करता वावरातच पडली म्हणाले. मिळेल त्या बसनं, मिळेल त्या गाडीनं मी गाव गाठलं तोवर तिला आंघोळ घालून ठेवलं होतं. उशाशी याडी बसली होती, म्हातारी झालेली, बलिया हातांत सैल झालेल्या. मी पोरीला घेऊन काकीजवळ बसली. रडू येईना. राग येत होता, नुसता राग. इतकी हट्टी बाई, इतकी भित्री बाई, माझा एक शब्द घेऊन चालली होती.

दारात नवा कोतवाल उभा होता. मोठेबाबांच्या थोरल्या मुलाला त्यानं विचारलं, पाटलाकडं सांगाले पायजे, मागं कोन आहे बाईच्या?

"कोनी नाही," तो म्हणाला. "मूलबाळ नाही. आमीच आहो."

मी चार हातांवर बसलेली होती. कोतवालानं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी काकीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला अन् दारातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माय." जन्मात पहिल्यांदा. कोतवाल चप्पल शोधत होता.

माझ्या मांडीवरच्या पोरीनं तो शब्द ऐकला. तो तिचा शब्द होता, तिला येणारा सगळ्यात चांगला शब्द. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि मढ्याच्या उशाशी बसून मोठ्यानं मला म्हणाली, "माय."

माझा हात तिच्या तोंडावर बसला. जोरात. तिचे दात माझ्या तळहाताला लागले.

याडीनं ते पाहिलं. ती वाकली, पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि आपल्या ओच्यात घेतलं. मी घेऊ दिली.